पाठमोरी

"अलीकडचा फोटो लागेल," तांडेल मॅडम म्हणाल्या. "समोरून. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे."

मला हसू आलं. पोलीस चौकीत बसून बायको हरवल्याची तक्रार देताना माणसाने हसू नये, एवढं मलाही कळतं. पण खाटकाला कुणी विचारावं, घरात सुरी आहे का, तसं वाटलं. मी फोटोग्राफर आहे. किनाऱ्यांचे फोटो काढतो. किनारे, समुद्रातले किल्ले, जुनी बंदरं, पोर्तुगीजांनी सोडून दिलेली चर्चं, दीपगृहं. कॅलेंडरवाले, हॉटेलवाले, प्रवासाची मासिकं काढणारे, सगळ्यांकडे माझे फोटो असतात. तुमच्या दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत समुद्राचा मोठा फोटो असेल तर तो बहुधा माझाच. आणि त्यातल्या बहुतेक फोटोंत अनुजा आहे. वीस वर्षं ती माझ्याबरोबर प्रत्येक किनाऱ्यावर आली आहे. तेव्हा मी ऐटीत फोन काढला आणि मुरुड, कोर्लई, दीव, तरंगमबाडी असे एकेक दाखवायला लागलो. मॅडमनी दोन-चार पाहिले, मग फोन माझ्या हातातून घेऊन स्वतःच सरकवू लागल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, शांत बाई. त्यांचं बोट आधी सावकाश चाललं, मग भरभर, मग थांबलं.

"साहेब, हे सगळे मागून आहेत."

"हो," मी म्हणालो.

"समोरून एक द्या ना."

"असेल ना," मी म्हणालो आणि फोन परत घेतला. नंतर कितीतरी वेळ मी तो फोन खालीवर करत होतो आणि मॅडम दुसऱ्या कुणाच्या तरी हरवलेल्या स्कूटरबद्दल बोलत होत्या. अनुजाच्या व्हॉट्सॅपवर तिचा फोटो होता. तो मीच काढलेला, रेवदंड्याचा. तटबंदीच्या भगदाडातून दिसणारा समुद्र आणि त्या भगदाडात पिवळी ओढणी घेतलेली पाठमोरी अनुजा. आधार कार्ड तिच्या पर्समध्ये, पर्स तिच्याजवळ. घरात झेरॉक्स सापडली, तिच्यावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग. लग्नाचा अल्बम नेऊन दाखवला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "वीस वर्षांपूर्वीच्या नवरीला शोधत फिरू का मी? माझ्या लग्नात मेकअप झाल्यावर माझी आई मला ओळखत नव्हती." मग त्यांनी वर्णन विचारलं. उंची? पाच फूट दोन इंच, मी ताबडतोब सांगितलं. ती मला झोपेतही सांगता येते, कारण तिच्या उंचीवरून मी बुरुजांची उंची काढतो. वर्ण? गव्हाळ. चेहरा गोल की उभट? नाक? तीळ, व्रण, काही खूण? मी त्यांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो. काचेखाली कुठल्याशा देवीचा फोटो होता, समोरून काढलेला, डोळे उघडे. "उंची पाच फूट दोन," मी म्हणालो. "ते मघाशीच सांगितलंत," मॅडम म्हणाल्या.

आता यात माझं काय चुकलं? किनाऱ्याच्या फोटोत माणूस लागतो तो मापापुरता. नुसता किल्ला कितीही मोठा असो, फोटोत तो वाळूत पोरांनी केलेल्या किल्ल्याएवढाच दिसतो. शेजारी माणूस उभा केला की किल्ला एकदम वाढतो. पण माणूस पाठमोरा हवा. चेहरा आला की बघणारा आधी चेहराच बघतो, बाई कोण, कुठली, खूश आहे की भांडून आली आहे, आणि मागचा एवढा मोठा समुद्र फुकट जातो. हे मी किती जणांना समजावून सांगितलं आहे. विशीतल्या पोरी समुद्राकडे पाठ करून ओठांचा चंबू करतात, त्यांच्या फोटोंत समुद्र ही एक निळी भिंत असते. अनुजाला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. लग्नानंतर आम्ही विजयदुर्गला गेलो तेव्हाच. ती समुद्राच्या बाजूला तटावर उभी होती, मी खाली खडकांवर. वाऱ्यात हाक ऐकू जात नव्हती. मग मी तिला मिस्ड कॉल दिला. एक रिंग. ती दोन पावलं पुढे गेली. मला अगदी तेच हवं होतं. पुन्हा एक रिंग, पुन्हा दोन पावलं. फोटो झाल्यावर मी दोनदा रिंग दिली आणि ती वळून परत आली. ठरवलेलं काहीच नव्हतं, पण तेव्हापासून तेच ठरून गेलं. एक रिंग म्हणजे पुढे. दोन रिंगा म्हणजे पुरे, परत ये. आमच्या लग्नात इतकं सरळ दुसरं काही झालं नसेल.

मॅडमनी फोनही तपासला होता. "तुम्ही बायकोला नुसते मिस्ड कॉल का देता हो?" त्यांनी विचारलं होतं, आणि मी त्यांना ही सगळी पद्धत समजावली होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "आणि परत बोलवायच्या दोन?" त्या म्हणाल्या. "इथे तर सगळ्या एकेकच दिसतात." मला बाईंचा रागच आला. परत बोलवायची दरवेळी गरज पडत नाही. काम संपलं की माणसाला कळतं. मी कॅमेऱ्याची तिवई मिटताना दिसलो की ती आपली येऊन बॅग उचलायची. बॅग नेहमी तिच्याच खांद्यावर असायची, डाव्या. मला कॅमेरा सांभाळायचा असे.

घरी आलो तेव्हा उजेड होता. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत दुपारी चारलाच सावली येते, पण माझ्या खोलीत पडदे कायम ओढलेले असल्यामुळे मला त्याचं काही नसतं. मी कॉम्प्युटरचा मोठा पडदा सुरू केला आणि पहिल्या वर्षापासून बघायला बसलो. एखाद्या तरी फोटोत ती चुकून वळली असेल. माशी आली असेल, कुत्रं भुंकलं असेल, कुणी हाक मारली असेल. मी तिचा आकार मोठा करत करत पार चौकोनी ठिपके दिसेपर्यंत जायचो. केसांचा अंबाडा, मानेवरचा खळगा, डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली. मान कधी वाकडी नाही. हात कधी केसांकडे गेलेला नाही. वीस वर्षांत एकदाही नाही, हे कसं शक्य आहे? माणूस एका जागी पाच मिनिटं उभा राहिला तर दहा वेळा हलतो. मी नवशिक्या पोरापोरींना मापाला उभं केलं आहे, त्यांच्या डोक्याला जणू मुंग्या लागतात. अनुजा हलायची नाही. मला तिचं त्यासाठी कौतुक होतं. आता खोलीत एकट्याने बघताना त्या न हलण्याची मला भीती वाटायला लागली. पाठ म्हणजे पाठ, तिला डोळे नसतात, तरी ओळीने शंभर-दीडशे पाठी पाहिल्यावर असं वाटतं की ही बाई आपल्याला दिसू नये म्हणून काहीतरी धरून उभी आहे. पुढे, छातीशी. आपण वळसा घालून पुढे गेलो तर ती तेवढीच फिरेल.

एकदा, फक्त एकदाच, ती म्हणाली होती, "अभि, एकदा माझा काढ ना." कोर्लईच्या दीपगृहाखाली. सूर्य उतरत होता आणि माझ्याजवळ जेमतेम सात-आठ मिनिटांचा चांगला उजेड होता. मी म्हणालो, "तुझाच तर काढतोय." ती हसली. हसली हे मला नक्की आठवतं, कारण हसण्याचा आवाज आठवतो. पण आवाजाच्या मागे तोंड आणायला गेलो तर तिथे अंबाडा येतो. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो आणि प्रयत्न केला. स्वयंपाकघरात ओट्याशी अनुजा: पाठ. आरशासमोर अनुजा: पाठ, आणि आरशात खिडकीचा उजेड. जेवायला ती माझ्या समोर बसायची, तेव्हा तरी? जेवताना मी फोनवर सकाळचे फोटो बघतो. ताटात भाजी वाढणारा हात दिसला, दोन हिरव्या बांगड्या, हातावर तेलाचा जुना डाग. हात मनगटापर्यंत आला आणि तिथे कापल्यासारखा संपला.

मग मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती दिसायला नको होती असं वाटलं. फोटो वर्षांच्या क्रमाने होते. सुरुवातीच्या फोटोंत अनुजा बुरुजाच्या पायरीवर, हाताच्या अंतरावर म्हणावी इतकी जवळ. पुढच्या वर्षी थोडी लांब. मग आणखी. मला वाटलं मी लेन्स बदलली असेल. लेन्स तीच. माझी उभी राहायची जागा तीच. किल्ला तेवढाच, आणि ती मात्र वर्षागणिक लहान होत गेलेली. मीच रिंग दिली असणार, पुढे, पुढे, कारण माणूस जितका लहान तितका समुद्र मोठा, आणि समुद्र मोठा झाला की हॉटेलवाले खूश. पण मी इतकं पुढे पाठवलं होतं? पावसाळ्याआधीच्या श्रीवर्धनच्या फोटोत ती वाळूच्या पार टोकाला एक पिवळा ठिपका होती. तो मी मोठा करून पाहिला. चार ठिपके उरले. त्यात पाठ कुठली आणि पोट कुठलं तेही कळेना.

आणि दिवाळीनंतरच्या हर्णेच्या फोटोंत ती नव्हतीच.

मी सगळे बघितले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. होड्या, बंदर, समुद्रातला किल्ला, वाळत टाकलेली मासळी. एकाही फोटोत मापाला माणूस नाही. आणि मला तर चांगलं आठवत होतं की हर्णेला ती होती. मी रिंग दिल्याचं माझ्या अंगठ्याला आठवत होतं. एक रिंग देऊन मी फ्रेममध्ये बघितलं होतं आणि छान, असं मनात म्हटलं होतं. काय छान होतं तिथे? रिकामी वाळू होती. बंदरावरच्या टपरीवर मी चहा घेतला होता. टपरीवाल्याने काउंटरवर दोन ग्लास ठेवले होते की एक, हे आठवायचा मी इतका प्रयत्न केला की शेवटी ग्लास आठवले आणि चहा विसरलो.

सकाळी मीराबाई आल्या. मीराबाई आमच्याकडे पोळ्या करतात. त्या कधी येतात आणि कधी जातात ते मला माहीत नसतं, कारण सकाळी मी झोपलेला असतो. त्या दिवशी मी दारातच उभा होतो, रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला. त्या दचकल्या. मी विचारलं, "मीराबाई, तुम्ही अनुजाला शेवटचं कधी पाहिलंत?"

"ताईंना? त्या गेल्या तेव्हाच की," त्या म्हणाल्या. "साहेबांचा चहा झाकून ठेवत जा म्हणाल्या, म्हणून ठेवते ना मी. चावी पण त्यांनीच दिली."

"मंगळवारी ना, दादरला निघाली तेव्हा?"

"कुठला मंगळवार? हरतालिकेच्या आधी नाही का. गणपती यायचे होते." त्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मी काय बोलणार आहे याची वाट न बघता आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं ते असं. "दादरला जाऊन येते, फुलं आणायची आहेत," असं ती म्हणाली होती. मी पडद्यासमोर बसलो होतो, ती मागे दारात होती. मी हो म्हटलं होतं. हे सगळं घडलं होतं, अगदी शब्दाला शब्द. फक्त ते मंगळवारी घडलं असं मी धरून चाललो होतो, कारण मंगळवारी मला ती लागली होती. दीवच्या कामासाठी बॅग भरताना मी हाक मारली, "अनुजा, पिवळी ओढणी घे," आणि घरातून उत्तर आलं नाही. म्हणजे गणपतीच्या आधीपासून मंगळवारपर्यंत, मधे हर्णे, मधे पुन्हा तरंगमबाडी, मी या घरात येत-जात होतो, झाकलेला चहा पीत होतो, अधूनमधून काहीतरी बोलतही असेन. आणि कुणीतरी ऐकतं आहे असं मला वाटत होतं. ते कोण ऐकत होतं, हा विचार मनात आला आणि मी स्वयंपाकघराकडे पाठ करून उभा राहू शकलो नाही. मी तेव्हाच निघालो.

लालबागला सासूबाई एकट्या राहतात. मालन त्यांचं नाव. सासरे मिलमध्ये होते, मिल गेली, ते गेले, समोर काचेचा टॉवर आला, सासूबाई तिथेच. त्या मला अहो-जाहो करतात आणि मी आलो की पंखा दोन नंबरवरून चारवर करतात. मी खाली पोचलो तेव्हाच तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीत दोरीवर काहीतरी पिवळं वाळत होतं. मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो. गॅलरीत पोचलो तर ते शेजारच्यांचं टेबलक्लॉथ होतं, कडेला द्राक्षं छापलेली. तरी मी ते हातात घेऊन पाहिलं.

"ईलास? बसा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना पोलिसांचा फोन आलेला होता. त्या रडत नव्हत्या, याचं मला आश्चर्य वाटलं आणि थोडा रागही आला. मी म्हणालो, आई, अनुजाचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडे, अलीकडचा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पंख्याकडे बघायला लागलो.

"तुमच्याकडे तिचो फोटो नाय? तुमी तर फोटोवाले मां?"

त्यांच्या कपाटात एक होता. शाळेतला, लेझीमच्या गटाचा. तीस मुली, पांढरे परकर, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे सगळ्यांनी डोळे बारीक केलेले. त्यातली अनुजा कोणती, हे मी विचारलं नाही. मी फोटो हातात धरून मान हलवत राहिलो, ओळखल्यासारखी. त्यांना ते कळलं असावं. त्यांनी फोटो माझ्या हातातून काढून घेतला, पदराने पुसला आणि परत ठेवला. मग स्वतःच सांगायला लागल्या, स्वतःच्याच तोंडावर बोट फिरवत. पोरीचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, हा, वरचा, उजवीकडचा, हसली की दिसतो. भुवया जाड, मधे जवळ जवळ मिळालेल्या. "सगळी माझ्याच वळणावर गेली म्हणतत." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. सत्तरीचा सुकलेला चेहरा. जाड भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यातून वीस-पंचवीस वर्षं वजा करून अनुजा काढायचा प्रयत्न केला आणि जमेना. मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला पहिल्यांदा रडू आलं. ती हरवली म्हणून नव्हे. ती समोर असताना मी कुठे बघत होतो, ते कळेना म्हणून.

"पाणी घेवा," सासूबाई म्हणाल्या. मी पाणी प्यालो. ओट्यावर दोन कप उपडे घातलेले होते. एक कप त्यांचा. दुसऱ्याबद्दल मी विचारणार होतो, पण त्याआधी त्या म्हणाल्या, "एक इचारू? समोर इली तर वळखशात मां?"

मी हो म्हणालो. घाईघाईने म्हणालो.

त्यानंतर मी घरी जायचं टाळायला लागलो. पाय थकेपर्यंत चालायचं. दादरला फुलबाजारात गेलो, तिथून परळ, तिथून परत गिरगाव. सगळ्या शहराची माझ्याकडे पाठ होती. हे मी काही विशेष म्हणून सांगत नाही. मागून चालणाऱ्याला शहराची पाठच दिसणार. पण मी त्या पाठी ओळखू शकत होतो, हे नवीन होतं. ही बाई डाव्या गुडघ्याने अधू आहे, हिने आज कुणाशी तरी भांडण केलं आहे, हिच्या खांद्यावर रोज मूल असतं. तेच त्यांच्या पुढे जाऊन वळून चेहरा पाहिला की सगळं बंद व्हायचं. डोळे, नाक, तोंड, दुकानात मांडून ठेवल्यासारखं. मला एकाही चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. अनुजाचा फोन मी दर थोड्या वेळाने लावत होतो. क्रमांक सध्या बंद आहे, असं रेकॉर्डमधली बाई न कंटाळता सांगायची. त्या बाईचा चेहरा कसा असेल, हे मात्र मला दिसायचं, अगदी लख्ख.

आज संध्याकाळी चौपाटीवर आलो. गिरगावचा माणूस असून मी चौपाटीचा फोटो कधी काढलेला नाही, गर्दी फार. ओहोटी होती, पाणी बरंच आत गेलेलं. भेळवाल्यांचे दिवे लागायचे होते, पोरं वाळूत पळत होती, कुणाचं तरी कुत्रं ओलं होऊन अंग झाडत होतं. उजेड चांगला होता, हे माझ्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही. आणि पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूच्या पार टोकाला, पिवळी ओढणी घेतलेली बाई उभी होती. पाठमोरी, अजिबात न हलता. समुद्र तिच्यामुळे केवढा तरी मोठा दिसत होता.

मी जागचा हललो नाही. फोन काढला आणि अनुजाचा नंबर लावला. मला वाटलं, ती रेकॉर्डमधली बाई बोलेल. पण रिंग गेली. इतक्या दिवसांनी तो आवाज कानात आला आणि मी असा दचकलो की अंगठ्याने आपलं नेहमीचं काम केलं. एक रिंग झाली आणि मी फोन कापला.

पिवळी ओढणी दोन पावलं पुढे गेली.

"नाही, नाही," मी मोठ्याने म्हणालो. शेजारी चटईवर बसलेल्या म्हाताऱ्याने वर पाहिलं. मी पुन्हा नंबर लावला. आता दोन द्यायच्या होत्या, काही झालं तरी दोन. क्रमांक बंद. पुन्हा लावला, बंद. ती आणखी पुढे गेली, घोट्यापर्यंत पाण्यात, मग पोटऱ्यांपर्यंत. एक रिंग म्हणजे पुढे, आणि थांब असं सांगणारी रिंग आमच्यात नव्हतीच, थांबायचं तिचं तिने ठरवायचं असे. मी पळालो. बूट, पँट, सगळ्यासकट पाण्यात शिरलो. वीस वर्षांत मी तिच्यामागे कधी पळालो नव्हतो. तोंडात खारं पाणी आलं, मी ओरडत होतो, "अनुजा, वळ! अगं, वळ ना!" हा शब्द मी तिला कधी म्हटला नव्हता, आणि तो म्हणताना मला तिच्या वळण्याचीच भीती वाटत होती. मी तिच्या खांद्याला हात लावला.

ती वळली. चेहरा होता. दोन डोळे, नाक, टिकली, कपाळावर घामाने चिकटलेले केस. मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिलो आणि खरं सांगतो, मला कळेना. ही अनुजा नाही असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नव्हता. भुवया जाड होत्या. मग ती ओरडली, "काय आहे? हात काढ आधी!" आणि तेव्हा मला तिचे दात दिसले. सरळ, एका ओळीत. म्हणून ती अनुजा नव्हती. माझ्या डोळ्यांनी मला सांगितलं नाही, सासूबाईंच्या बोटाने सांगितलं. तिच्या पलीकडे एक लहान मुलगी पाण्यात बसून चूळ भरत होती, तिच्यासाठी ती पुढे आली होती. मी सॉरी म्हणालो. ती मुलीला बखोटीला धरून, शिव्या देत, किनाऱ्याकडे गेली.

मी तिथेच राहिलो. गुडघ्यापर्यंत पाणी, समोर समुद्र. इतका वेळ समोर समुद्र ठेवून मी कधी उभा राहिलेलो नाही. मी नेहमी बाजूला, मागे, भिंगाच्या पलीकडे. अनुजा वीस वर्षं हे बघत होती तर. बघण्यासारखं तसं काही नव्हतं. एक मोठी, राखाडी, सतत हलणारी गोष्ट, आणि पाठीमागे कुणीतरी आपल्याकडे बघतं आहे ही जाणीव. मानेवर, अंबाडा असतो तिथे, ती जाणीव बोटाने स्पर्श केल्यासारखी होत होती.

हातातला फोन थरथरला. एकदाच, आणि थांबला. पडद्यावर अनुजाचं नाव होतं. एक रिंग. माझ्यापुढे फक्त पाणी होतं. मी फोनकडे बघत राहिलो. पायाखालची वाळू सरकत होती. मला वाटलं, आता उचलायचं पाऊल कुठलं ते ठरलेलं आहे. मी उजवा पाय उचललाही.

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. दोन. पुरे, परत ये.

ती किनाऱ्यावर होती. माझ्या मागे, मी उभा राहतो तिथे. मला पाहत होती, किती वेळ कोण जाणे. मी वळलो. मागे दिवे लागले होते आणि किनाऱ्यावर माणसांची गर्दी जमली होती, बुटांसकट पाण्यात शिरून ओरडणारा माणूस बघायला. सगळे चेहरे माझ्याकडे. बायका, पोरी, म्हाताऱ्या, कुणाच्या हातात भेळ, कुणाच्या हातात चप्पल, पुष्कळांच्या हातात फोन. त्यातली एक अनुजा होती. मी एकेक चेहरा नीट बघत गेलो, डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा. कुणीही हात हलवला नाही. मी थोडा हसलो, सगळ्यांकडे बघून, म्हणजे जी असेल तिला पोचावं. एक-दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्यातली कुणी असेल का? त्या समोर होत्या, पुरत्या समोरून, उजेडात, आणि मला त्यातली एकही ओळखू येत नव्हती. मला वाटतं, मी बराच वेळ तसा उभा होतो.

मग गर्दीतल्या एका बाईने फोन पर्समध्ये टाकला आणि ती वळून रस्त्याकडे चालू लागली. साधा करडा ड्रेस होता, ओढणी नव्हती. केसांचा अंबाडा, डावा खांदा किंचित खाली.

ती अनुजा होती.